मौनाचे दान : गंगूबाई हनगल व त्यांची माता अंबाबाई

शाळेच्या वार्षिक क्रीडास्पर्धांत पारितोषिक-वितरण चालू असते. विजयी विद्यार्थ्याचे नाव पुकारले जाते, टाळ्यांचा कडकडाट होतो आणि तो विद्यार्थी पेला उंच धरून छायाचित्रासाठी उभा राहतो. अशा वेळी आमची दृष्टी बहुधा मैदानाच्या कडेकडे वळते. तेथे झाडाच्या तुटपुंज्या सावलीत, पदराने ऊन अडवीत, एखादी माउली उभी असते. तिच्या एका हातात मुलाच्या चपला असतात व दुसऱ्या हातात पाण्याची बाटली. तिचे नाव कोणी पुकारीत नाही. छायाचित्रातही ती येत नाही. परंतु पहाटे चार वाजता त्या मुलाला कोणी उठविले, त्याच्या पोटात दूधभाकर कोणी घातली, गुडघा फुटून घरी आल्यावर हळद कोणी लावली, याचा हिशेब मांडू लागले, की त्या पेल्यावर दोन नावे कोरावयास हवी होती असे वाटू लागते.

विद्यार्थी मित्रहो, १९६० साली रोम येथे भरलेल्या ऑलिंपिक सामन्यांत विल्मा रुडॉल्फ नावाच्या अमेरिकन तरुणीने १०० मीटर, २०० मीटर आणि ४ × १०० मीटर रिले अशा तीन शर्यतींत सुवर्णपदके जिंकली. जगातील सर्वांत वेगवान स्त्री म्हणून तिची ख्याती झाली. ही मुलगी बालपणी पोलिओने आजारी पडली होती व तिचा डावा पाय लुळा झाला होता. तिची आई ब्लँच ही गोऱ्या लोकांच्या घरी झाडलोट करून पोट भरणारी निग्रो स्त्री. बावीस लेकरांच्या त्या घरात विसावे अपत्य असलेल्या या मुलीला ती दर आठवड्यास सुमारे ८० किलोमीटर दूर, नॅशव्हिलच्या रुग्णालयात बसने नेई. बसमध्ये काळ्या उतारूंनी मागेच बसावे असा तेथे त्या काळी दंडक होता. पाय कसा चोळावा हे त्या माउलीने वैद्यांकडून शिकून घेतले आणि घरातील थोरल्या मुलांनाही शिकविले. दिवसातून चार वेळा तो पाय चोळला जाई. रोमच्या मैदानावर धावला तो हाच पाय.

अशी माता पाहण्यासाठी टेनेसी प्रांतापर्यंत जाण्याचे आम्हांस कारण नाही. ती आपल्याच धारवाडात होऊन गेली. तिची लेक धावपटू नव्हती, गायिका होती. परंतु ज्यांनी ख्यालगायनाची मेहनत जवळून पाहिली आहे, त्यांस तो आखाडाच वाटतो. तासन् तास स्वर लावून बसणे, श्वास राखणे, एकच पलटा शेकडो वेळा घोटणे, आणि हे सारे एक-दोन वर्षे नव्हे तर जन्मभर करणे, हे मल्लाच्या जोर-बैठकांहून सोपे नाही. त्या आखाड्यात अजिंक्य ठरलेल्या गंगूबाई हनगल यांचे चरित्र, व त्यांच्यामागे उभ्या असलेल्या अंबाबाईंची कथा, आम्ही येथे सांगणार आहोत.

गंगूबाईंचा जन्म ५ मार्च १९१३ रोजी धारवाड येथे झाला. आमच्या मळमड्डीकडून रेल्वेस्टेशन मागे टाकून जुन्या गावात शिरले, की शुक्रवारपेठ लागते. त्या पेठेत त्यांचे बालपण गेले. वडील चिक्कूराव नाडगीर हे शेतीवाडी असलेले ब्राह्मण गृहस्थ. आई अंबाबाई या कर्नाटक संगीताच्या उत्तम गायिका. अंबाबाईंच्या आईही गाणाऱ्या होत्या. या घराण्याचे मूळ गाव हनगल. तेव्हा ते धारवाड जिल्ह्यात होते, आता हावेरी जिल्ह्यात आहे. मुलांनी आईच्या घराण्याचे नाव लावावे अशी या कुळांतील रीत असल्यामुळे हनगल हेच मुलीचे आडनाव झाले. तिचे जन्मनाव मात्र गंगू नव्हते, गांधारी होते. सप्तकातील तिसऱ्या स्वराचे नाव गांधार. गाणाऱ्यांच्या घरी जन्मलेल्या मुलीस याहून शोभणारे नाव कोणते असणार?

त्या काळी गाणाऱ्या स्त्रियांस समाज कसे वागवी हे आजच्या विद्यार्थ्यांस सांगितल्यावाचून ही कथा समजणार नाही. त्यांचे गाणे लोकांस हवे असे, पण त्यांचा शेजार नको असे. मंगल प्रसंगी त्यांना बोलावून गाववीत, मात्र पंगतीत त्यांचे पान मांडीत नसत. अंबाबाईंच्या कुटुंबास जातीचा कमीपणाही भोगावा लागे. शुक्रवारपेठेच्या शेजारात बहुतेक घरे ब्राह्मणांची. लहानगी गांधारी एकदा शेजारच्या परसात आंबे तोडावयास शिरली. आंबे चोरल्याबद्दल कोणत्याही मुलाला दटावणी मिळते. ती पोरवयाची रीतच आहे. परंतु येथे संताप आंब्यांसाठी नव्हता. गाणाऱ्या बाईच्या पोरीचे पाऊल आपल्या आवारात पडले याचा तो होता. पुढे अनेक वर्षांनी त्याच मंडळींनी गंगूबाईंस सन्मानाने पाहुणी म्हणून बोलाविले. गंगूबाई ही आठवण सांगत, ती कडवटपणाने नव्हे. पण विसरल्या मात्र नव्हत्या.

१९२४ च्या डिसेंबरात बेळगाव येथे राष्ट्रसभेचे अधिवेशन भरले. महात्मा गांधींनी अध्यक्षपद भूषविलेले हे एकमेव अधिवेशन. त्या प्रसंगी स्वागताचे गीत गाण्यास ज्या मुलींची निवड झाली, त्यांत अकरा वर्षांची गांधारी होती. एवढ्या विराट सभेपुढे, प्रत्यक्ष गांधीजींसमोर गावयाचे! कोणतीही मुलगी आनंदाने फुलून गेली असती. परंतु या मुलीच्या मनात एक भीती दडून होती. गाणे संपल्यावर जेवणाची पंगत उठेल, आणि मग आपल्याला पत्रावळी उचलावयास सांगतील काय, अशी ती भीती होती. गळ्यातील स्वराची चिंता तिला नव्हती, जातीची होती. अकरा वर्षांच्या लेकराने असे काही मनात बाळगावे, यातच त्या काळाची सारी निंदा आली.

अशा जगात अंबाबाईंनी आपल्या मुलीस काय द्यावे? पैसा फारसा नव्हता. प्रतिष्ठा समाज देत नव्हता. शाळेचे शिक्षण प्राथमिक इयत्तांपलीकडे गेले नाही. देण्यासारखे एकच धन त्यांच्याजवळ होते, ते म्हणजे स्वतःचे गाणे. आईने लेकीच्या गळ्यात आपली विद्या उतरवावी आणि लेकीने ती पुढे चालवावी, हाच सरळ मार्ग होता. पिढ्यांनुपिढ्या तो तसाच चालत आला होता. अंबाबाईंच्या हातून मात्र याच्या उलट घडले.

ते कसे घडले हे पाहण्यासाठी त्या वेळच्या धारवाडकडे वळले पाहिजे. हा मुलूख तेव्हा मुंबई इलाख्यात होता. येथील लोकांची बोली कानडी, पण मराठी नाटक मंडळ्यांचे मुक्काम येथे पडत, आणि नाट्यगीते घराघरांत गुणगुणली जात. किराणा घराण्याचे थोर गवई उस्ताद अब्दुल करीम खाँ मिरजेस राहत. त्यांचे धारवाडास जाणे-येणे असे. दक्षिणेचे कर्नाटक संगीत आणि उत्तरेचे हिंदुस्थानी संगीत यांची जणू वेसच आपल्या गावावरून गेलेली. खाँसाहेब अंबाबाईंच्या घरी येत व त्यांचे कर्नाटकी गाणे आवडीने ऐकत. एवढ्या मोठ्या कलावंताने ज्यांच्या घरी येऊन बसावे, त्या अंबाबाईंची योग्यता किती असेल याचा अंदाज यावरून करता येतो. खाँसाहेबांच्या गायकीतील सरगमेवर कर्नाटक पद्धतीचा प्रभाव होता असे जाणकार मानतात.

लहानग्या गांधारीचा कान मात्र दुसरीकडे लागला होता. रस्त्यावर कोठे ग्रामोफोन वाजू लागला, की ती हातातले काम टाकून धावत बाहेर जाई. जोहराबाई आग्रेवाली यांच्यासारख्या गायिकांच्या तबकड्या ती जीव कानांत आणून ऐके, आणि घरी येऊन ते सूर गळ्यावर आणू पाही. मुलीचा ओढा हिंदुस्थानी पद्धतीकडे आहे हे अंबाबाईंनी ओळखले.

येथे एक गोष्ट समजावून सांगणे आवश्यक आहे. या दोन्ही पद्धतींत स्वर तेच सात आहेत. कित्येक रागांचे स्वरही जुळतात. कर्नाटकातील मोहनम् म्हणजे आपला भूप, हिंदोलम् म्हणजे मालकंस, कल्याणी म्हणजे यमन. असे असूनही स्वर लावण्याची तऱ्हा निराळी. कर्नाटक पद्धतीत स्वर बहुधा गमकांनी आंदोलित होत पुढे जातो. हिंदुस्थानी पद्धतीत, विशेषतः किराणा घराण्यात, स्वर समईच्या ज्योतीप्रमाणे स्थिर ठेवून, आलापाने हळूहळू उलगडीत जाण्यास महत्त्व आहे. आमचेच उदाहरण देतो. आम्ही घरी कोकणी बोलतो, वर्गात मराठी शिकवितो, बाजारात कानडी वापरतो. मराठी आमच्या अभ्यासाची व प्रेमाची भाषा. तरीही एखाद्या वाक्यात कोकणीचा हेल नकळत उमटतो आणि विद्यार्थी गालांत हसतात. लहानपणी कानावर जे पडले, ते जिभेवर असे कायमचे ठाण मांडून बसते. बोलण्यात तो हेल गोड वाटेल. परंतु शुद्ध स्वराची साधना करणाऱ्याच्या गळ्यात अशी सरमिसळ शिरली, तर ती काढण्यात वर्षे जातात.

अंबाबाई जाणत्या गायिका होत्या. हे सारे त्यांस पूर्णपणे ठाऊक होते. घरात त्या गात राहिल्या, तर त्यांचे सूर मुलीच्या कानांत मुरणार व तिच्या हिंदुस्थानी गायकीत डोकावणार. तेव्हा या मातेने काय केले? तिने आपले गाणे बंद केले. जे आपल्या आईकडून आले होते, ज्याच्या बळावर आयुष्य उभे होते, जे ऐकावयास अब्दुल करीम खाँ येऊन बसत, ते गाणे तिने मुलीच्या कानावर पडू नये म्हणून बाजूस ठेवले.

वाचकहो, या त्यागाचा आम्ही वारंवार विचार करतो. आया मुलांसाठी कष्ट करतात, दागिने मोडतात, उपाशी राहतात. त्या सर्वांस आमचे वंदन असो. पण दागिना गेला तरी तो अंगाबाहेरचा. कष्टाने शरीर झिजते, पण मन आपल्या जागी असते. कलावंताचे गाणे हे त्याच्या श्वासासारखे आत असते. सकाळी तानपुऱ्याचा नाद ऐकू आला, की गळा आपोआप जागा होतो. तो जागा झालेला गळा रोज आवरावयाचा, आणि तेही कोणी सक्ती केलेली नसताना! विल्माच्या आईने लेकीसाठी हात झिजविले. अंबाबाईंनी लेकीसाठी आपला आवाज मिटविला.

१९२८ साली हे कुटुंब धारवाड सोडून हुबळीस आले. मुलीस हिंदुस्थानी संगीताचे रीतसर शिक्षण मिळावे, हाच या स्थलांतराचा हेतू होता. किन्नरीवादक कृष्णाचार्य हुलगूर यांच्याकडे शिक्षण सुरू झाले. एका वर्षात सुमारे साठ चिजा त्या मुलीने आत्मसात केल्या. पुढे ती शिकवणी थांबली आणि दत्तोपंत देसाई यांच्याकडे धडे मिळाले. याच सुमारास, वयाच्या सोळाव्या वर्षी, गुरुराव कौलगी या वकिलांशी त्यांचे लग्न झाले. पुढे दोन मुलगे व कृष्णा ही कन्या अशी तीन अपत्ये त्यांना झाली.

मुलगी गाऊ लागली होती, नाव थोडे होऊ लागले होते. परंतु १९३२ च्या सुमारास अंबाबाईंचे देहावसान झाले. ज्या रोपासाठी त्यांनी आपल्या अंगणातील झाड तोडले, त्याला फळे आलेली त्यांनी पाहिली नाहीत. पद्म पुरस्कार, विद्यापीठांचे सन्मान, देशभरच्या मैफली, यांतील काहीच त्यांच्या दृष्टीस पडले नाही. हाती काय येईल हे ठाऊक नसताना त्यांनी दिले. फळ पाहून केलेली गुंतवणूक कोणीही करील. अंबाबाईंचे दान त्या जातीचे नव्हते.

मातेचे छत्र हरपले तेव्हा गंगूबाई स्वतःच तरुण माता होत्या. संसाराचा आर्थिक भार त्यांच्या गाण्यावर येऊन पडला. ग्रामोफोन कंपनीसाठी त्यांनी गाणी ध्वनिमुद्रित केली; गांधारी या नावाने निघालेल्या त्या काळच्या तबकड्यांत जी. एन. जोशी यांच्याबरोबर गायिलेल्या मराठी भावगीतांचाही समावेश आहे. पुढे गांधारी हे नाव मागे पडून गंगूबाई हेच रूढ झाले. नाव होत होते, पैसाही थोडाफार मिळत होता. येथेच थांबून सुखाने राहता आले असते. पण आईने ज्यासाठी मौन धरले ते एवढ्यासाठी नव्हे, हे त्या लेकीस उमगले असावे.

हुबळीपासून जवळच कुंदगोळ नावाचे गाव आहे. अब्दुल करीम खाँ यांचे पट्टशिष्य रामभाऊ कुंदगोळकर, म्हणजेच सवाई गंधर्व, यांचे हे गाव. मराठी रंगभूमी गाजवून ते १९३० नंतरच्या दशकात आपल्या गावी परतले, तेव्हा गंगूबाईंनी त्यांच्याजवळ नेटाने अध्ययन आरंभिले. संध्याकाळची आगगाडी धरून कुंदगोळास जावयाचे, गुरूंसमोर बसावयाचे व रात्रीच्या गाडीने परत फिरावयाचे, असा तो क्रम होता. घरी लहान मुले, समोर कठोर गुरू, आणि येता-जाता रस्त्यावरील टवाळांची बोलणी! गाणारी बाई चालली म्हणून हसणारे त्या वेळी पुष्कळ होते. गुरुगृही तेव्हा एक तरुण शिष्य राहत असे. घरची कामे करून तो गाणे शिके आणि रात्री गंगूबाईंस स्टेशनपर्यंत सोबत करी. तो तरुण म्हणजे पुढे भारतरत्न झालेले पंडित भीमसेन जोशी. गंगूबाई त्यांस धाकट्या भावाप्रमाणे मानीत.

सवाई गंधर्वांची शिकविण्याची पद्धत कठीण होती. पुष्कळ राग भराभर शिकविण्यात त्यांना गोडी नव्हती. एखादा स्वरसमूह मनासारखा येईपर्यंत तोच पुन्हा पुन्हा घोटून घ्यावा, असा त्यांचा परिपाठ होता. कंजूष माणूस पैसा खर्च करतो तसा एकेक स्वर जपून वापरावा, म्हणजे रागाचे रूप श्रोत्यांस नीट दिसते, ही गुरूंची शिकवण गंगूबाई आयुष्यभर सांगत आल्या. आम्हांस वाटते, काटकसरीचा हा धडा त्या घरी आधीच शिकल्या होत्या. स्वर जपून ठेवणे म्हणजे काय, हे ज्या घरात आई दुसऱ्यासाठी गप्प राहिली त्या घरच्या मुलीस वेगळे शिकवावे लागले नसेल.

पुढील काळात आणखी एक संकट आले. घशाची शस्त्रक्रिया झाली आणि गंगूबाईंचा पूर्वीचा उंच, नाजूक आवाज पार बदलला. तो खर्जाचा, भरदार, जवळजवळ पुरुषी झाला. गायिकेचा गळा बदलणे म्हणजे धावपटूचा पाय मोडणे होय. दुसरी कोणी असती तर तिने तंबोरा खुंटीस लावला असता. गंगूबाईंनी त्या नव्या आवाजाचीच साधना केली व त्यातून अशी गायकी उभी केली, की अनोळखी श्रोत्यास प्रथम पुरुष गात आहे असा भास व्हावा, आणि क्षणभराने तो प्रश्नच विसरून जावे. १९४५ नंतर त्यांनी सुगम प्रकार बाजूस ठेवले आणि केवळ रागगायनच केले. संथ आलापी, स्थिर स्वर व निर्भय तान, ही त्यांच्या गाण्याची ओळख ठरली.

मानसन्मान येत गेले. १९७१ साली पद्मभूषण, १९७३ साली संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार, २००२ साली पद्मविभूषण. आपल्या कर्नाटक विद्यापीठाने त्यांस संगीताच्या मानद प्राध्यापक म्हणून गौरविले. जी मुलगी शाळेत चार-पाच इयत्तांपलीकडे गेली नाही, तिच्यापुढे विद्यापीठ नम्र झाले. तथापि समाजाचा दुजाभाव त्यांच्या नजरेतून सुटला नाही. मुसलमान गवई मोठा झाला की उस्ताद होतो, हिंदू गवई पंडित होतो, पण केसरबाई आणि मोगूबाई यांच्यासारख्या थोर गायिका अखेरपर्यंत नुसत्या बाईच राहतात, असे त्या हसतहसत बोलून दाखवीत. त्या हसण्यामागे शुक्रवारपेठेतील ते आंब्याचे झाड व बेळगावच्या पत्रावळी उभ्या होत्या, हे सुज्ञ वाचकांस सांगणे नलगे.

या चरित्रात एक गोष्ट आमच्या मनास विशेष भिडते. गंगूबाईंच्या मागे तानपुरा घेऊन त्यांची कन्या कृष्णा बसे. कृष्णा हनगल या स्वतः तयारीच्या गायिका होत्या. परंतु आईच्या आवाजास आधार देणे, तिचा श्वास अडखळेल तेथे स्वर उचलून धरणे, हेच काम त्यांनी वर्षानुवर्षे केले. एका पिढीत आई लेकीसाठी गप्प झाली. पुढच्या पिढीत लेक आईसाठी मागे बसून गायिली. अंबाबाईंनी जे दिले, ते असे फिरून घरातच परत आले. पण नियतीला तेही पाहवले नाही. २००४ साली कर्करोगाने कृष्णाबाईंचा अंत झाला. नव्वदी ओलांडलेल्या गंगूबाईंस लेकीचे जाणे पाहावे लागले. स्वतः गंगूबाईही त्यापूर्वी कर्करोगाशी झुंजून बऱ्या झाल्या होत्या. एवढ्यावरही २००६ साली, वयाच्या त्र्याण्णवाव्या वर्षी, त्या पुन्हा मैफलीस बसल्या. तीच त्यांची अखेरची मैफल.

२१ जुलै २००९ रोजी हुबळी येथे गंगूबाईंनी इहलोकाची यात्रा संपविली. मृत्यूनंतर आपले डोळे दुसऱ्यास मिळावेत अशी त्यांनी व्यवस्था करून ठेविली होती. त्यांस शासकीय इतमामाने निरोप देण्यात आला. म्हैसूर येथील संगीत विद्यापीठास आणि हुबळीच्या गुरुकुलास त्यांचे नाव लाभले आहे.

अंबाबाईंचे नाव मात्र कोणत्याही पाटीवर आमच्या पाहण्यात नाही. त्यांचे नाव घ्यावयाचे तर लेकीच्या चरित्रातच शोधावे लागते. येथे आमचे मन द्विधा होते. एक मन म्हणते, धन्य ती माता! दुसरे मन विचारते, एका थोर गायिकेने गाणे सोडले तेव्हाच दुसरी थोर गायिका जन्मास आली, ही गोष्ट केवळ टाळ्या वाजविण्याची आहे काय? अंबाबाईंचे गाणे कसे होते, ते ऐकून अब्दुल करीम खाँ का मोहून जात, हे आता आपणांस कधीही कळणार नाही. गंगूबाईंचे गाणे आपण मिळविले, तेव्हा काहीतरी आपण गमावलेही. दानाची किंमत न जाणता त्याचा नुसता गौरव करणे ही कृतज्ञता नव्हे. आणि अशी दाने मातांनीच द्यावीत, अशी अपेक्षा धरून बसणे हा तर अन्याय होय.

म्हणून, विद्यार्थी मित्रहो, एक छोटासा स्वाध्याय तुम्हांस देतो. त्यास गुण नाहीत. आज घरी गेल्यावर तुमच्या आईस विचारा, की लग्नापूर्वी तुला काय येत होते. तू गात होतीस काय, रांगोळी घालीत होतीस काय, लंगडी किंवा खोखो खेळत होतीस काय, गणितात पहिली येत होतीस काय. पहिल्याने ती हसेल व जेवण थंड होते आहे म्हणून सांगेल. तुम्ही पुन्हा विचारा. कदाचित एखादी पेटी माळ्यावरून खाली येईल, कदाचित जुनी वही निघेल. ती कोठेतरी थांबली आहे. बहुधा तुमच्यासाठीच थांबली आहे. तिने पुन्हा गावे वा न गावे हा तिचा प्रश्न. परंतु आपल्या घरातील हे मौन कशाचे आहे, एवढे तरी आपणांस ठाऊक असावे.

पुढच्या वर्षी क्रीडास्पर्धांच्या दिवशी तुमच्यापैकी कोणी पेला जिंकलाच, तर छायाचित्रकारास क्षणभर थांबवा. मैदानाच्या कडेला चपला घेऊन उभ्या असलेल्या त्या माउलीस हाक मारून जवळ बोलवा, आणि मगच छायाचित्र काढू द्या.